मागच्या चाकाचं देणं

मारुतीची जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि पुढे तीसेक वर्षं लष्कर, पोलीस आणि वनखातं अशा तीन सासरी नांदली. माझे मामा वनखात्यात होते, नेमणूक कोयनेच्या खोऱ्यात. जिप्सीच्या मागच्या आडव्या बाकावर बसून हेळवाकच्या बाजूच्या जंगलरस्त्यांवर खाल्लेले दणके माझ्या पाठीला अजून पाठ आहेत. त्यामुळे नोकरीसाठी जर्मनीतल्या रेगेन्सबर्गला आल्यावर जुन्या गाड्यांमध्ये सुझुकी सामुराई दिसली, तेव्हा ती मला परकी वाटलीच नाही. जिप्सीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २३७५ मिलिमीटर, हिचं २०३०. बाकी सगळं घरचंच: शिडीच्या आकाराची चासी, पुढे-मागे अखंड एक्सल आणि चारही कोपऱ्यांत पाटे. युरोपात विकल्या गेलेल्या पुष्कळ सामुराई स्पेनमधल्या सांताना कारखान्यात जुळवलेल्या. माझीही तिथलीच निघाली.

आम्ही डॅन्यूबच्या उत्तरेला, रेगेन नदीकाठच्या राइनहाउझेनमध्ये राहत होतो. शेजारी एक निवृत्त मेकॅनिक होते. माझी मुलगी त्यांना तिथल्या रिवाजाने ओपा म्हणजे आजोबा म्हणायची, मग आम्ही सगळेच म्हणू लागलो. माझ्यावर ज्या थोड्या माणसांचं ऋण आहे आणि ते फिटायची चिन्हं नाहीत, त्यांत त्यांचा नंबर बराच वर लागतो. निमित्त झालं ते याच सामुराईच्या वाकड्या स्टेअरिंगचं.

एका वर्षी थंडीच्या तोंडाशी गाडी सरळ रस्त्यावर सरळच जायची, पण स्टेअरिंगची आडवी दांडी उजवीकडे कललेली. हात सोडला तर गाडी कुठे ओढत नव्हती. एका वर्कशॉपमध्ये पुढच्या चाकांचं अलाइनमेंट तपासलं, ते बरोबर निघालं. मग तिथल्या माणसाने सोपा उपाय सुचवला: स्टेअरिंग काढायचं, एक-दोन दाते फिरवून पुन्हा सरळ बसवायचं. अर्ध्या तासाचं काम. मी ते ओपांच्या कानावर घातलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि विचारलं, “कधीपासून?”

हा प्रश्न त्यांच्या सगळ्या विद्येचा पाया होता. स्टेअरिंग एका दिवसात वाकडं झालं असेल, तर चाक कशावर तरी आदळलंय. पुढच्या चाकांना एकमेकांशी जोडणारा टाय रॉड किंवा त्यांना स्टेअरिंगशी जोडणारी ड्रॅग लिंक वाकली असणार. गॅरेजमधून आल्यापासून वाकडं असेल, तर कुणीतरी काहीतरी खोललं होतं. गाडी उंच करण्यासाठी पाट्यांचे झुले लांब केले असतील, तर ड्रॅग लिंकचा कोन बदलतो आणि स्टेअरिंग फिरतं. तिथे ड्रॅग लिंकची लांबी बदलून काम भागतं. पण माझं उत्तर यांपैकी कशातच बसत नव्हतं. हळूहळू, आठवड्यागणिक थोडं थोडं वाढत गेलं होतं. “म्हणजे काहीतरी सरकतंय,” ओपा म्हणाले, “आणि अजून थांबलेलं नाही.”

स्टेअरिंग दाते फिरवून बसवण्यावर त्यांचा राग का, तेही त्यांनी समजावलं. जुन्या स्टेअरिंग बॉक्समध्ये दात्यांची पकड मधोमध सर्वांत घट्ट ठेवलेली असते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. सरळ जाताना बॉक्स मध्यापासून बाजूला राहिला, तर पकड सैल जागी येते, स्टेअरिंगमध्ये खेळ जाणवतो आणि एका बाजूला वळण जास्त मिळतं, दुसरीकडे कमी. वरचं स्टेअरिंग सरळ केल्याने यातलं काहीच सुधारत नाही. फक्त जे वाकडं आहे ते दिसायचं बंद होतं.

तपास त्यांनी पायरीपायरीने केला. आधी चारही टायरची हवा. मग पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहिले; कल तसाच राहिला, म्हणजे टायर निर्दोष. जर्मनीतले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून उजव्या कडेला उतरते असतात, तेवढ्यानेही स्टेअरिंग थोडं फिरतं. म्हणून सपाट जागा हवी होती. मग मला चालकाच्या जागी बसवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली वाकून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवून खेळ तपासला. पुढे काहीच नव्हतं.

एका सकाळी पातळ बर्फ पडलं आणि ते मला डुल्टच्या मैदानावर घेऊन गेले. श्टाटआमहोफजवळच्या या मैदानावर वर्षातून दोनदा जत्रा भरते, एरवी तिथे गाड्या उभ्या असतात. त्या वेळी ते जवळजवळ रिकामं होतं. “सरळ चालव, मग थांब आणि खाली उतर.” मागची चाकं पुढच्या चाकांच्या खुणांवरूनच जायला हवी होती. ती दोन्ही बाजूंना उजवीकडे दोन-अडीच सेंटिमीटर सरकलेली दिसली. गाडी रस्त्यावर सरळ जात होती खरी, पण अंगाने तिरकी. दुखणं मागे होतं आणि कण्हत होतं पुढचं चाक.

मग टेप निघाली. डाव्या बाजूला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर आणि उजव्या बाजूचं, यांत सुमारे दीड सेंटिमीटरचा फरक. मागचा एक्सल उजव्या टोकाला मागे गेला होता. घरी येऊन मी गणित मांडलं: एवढ्या सरकण्याने एक्सल सुमारे चाळीस कला, म्हणजे पाऊण अंशाहूनही कमी तिरका होतो. पुढच्या चाकांना सरळ जाण्यासाठी तेवढंच वळावं लागतं, आणि चाकाचा एक अंश स्टेअरिंगवर पंधरा-सोळा अंशांचा होत असल्याने हातात दहा अंशांचा कल दिसतो. मागची बारीक चूक पुढे मोठी होऊन दिसत होती, एवढंच.

कारण अगदी साधं निघालं. पाट्यांची थप्पी एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलवरच्या भोकात बसतं आणि एक्सलला जागेवर ठेवतं; वरून यू-बोल्टची मिठी असते. बव्हेरियात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. त्याने यू-बोल्ट गंजले, मिठी सैल झाली, सगळा भार सेंटर बोल्टवर आला आणि त्याचं डोकं कापलं गेलं. वरचं स्टेअरिंग सरळ करून मी गाडी चालवत राहिलो असतो, तर एक्सल आणखी सरकत राहिला असता, आणि तेही मला कळवणारी एकमेव खूण मी स्वतः पुसून टाकलेली असती. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, नटं आळीपाळीने तिरक्या क्रमाने आवळायची, थोडं चालवून पुन्हा आवळायची, हे धडे त्या शनिवारी मिळाले. स्टेअरिंगला हात न लावता ते सरळ झालं.

मागे बघायची ही सवय त्यांना कुठून लागली, याचं उत्तर रेगेन्सबर्गच्याच इतिहासात होतं. युद्धात मेसरश्मिटची लढाऊ विमानं इथे बनत. १७ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकी बाँबफेकीत त्या कारखान्याची मोठी नासधूस झाली. युद्धानंतर विमानं बनवायला बंदी आली, तेव्हा फ्रिट्स फेंड या अभियंत्याने आखलेली तीनचाकी मोटार १९५३ पासून इथे बनू लागली: पुढे दोन चाकं, मागे एक, दोन माणसं एकामागे एक आणि डोक्यावर उघडणारा पारदर्शक घुमट. तिला गोल स्टेअरिंग नव्हतंच, हातात धरायची आडवी दांडी होती, चाकांना जवळजवळ थेट जोडलेली. ओपा पोरसवदा वयात तिथे शिकाऊ म्हणून लागले. त्यांच्या तिथल्या उस्तादाने पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं: दांडी वाकडी दिसली की आधी मागचं चाक बघ. १९६४ साली ती गाडी बंद झाली. तो धडा मात्र अर्ध्या शतकानंतर एका मराठी माणसाच्या सामुराईच्या कामी आला.

त्याच शहरात, डॅन्यूबवरच्या दगडी पुलाजवळच्या एका गल्लीत, खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर १६३० च्या नोव्हेंबरात वारले. थकलेलं येणं वसूल व्हावं या आशेने ते राजसभेच्या वेळी इथे आले होते. ते हाती पडण्याआधीच आजारी पडून गेले. मंगळाची कक्षा वर्तुळ मानली, तर त्यांचं गणित टायको ब्राहेच्या निरीक्षणांशी आठ कलांनी चुकत होतं. तेवढा फरक कुणीही निरीक्षणातली गफलत म्हणून सोडून दिला असता. केप्लरनी तो सोडला नाही, आणि त्याच आठ कलांतून अखेर लंबवर्तुळ निघालं. १६०९ साली ते ग्रंथात आलं. माझ्या गाडीचा फरक त्याच्या पाचपट होता आणि तो एका वर्कशॉपला स्टेअरिंग फिरवून मिटवायचा होता.

ओपांनी माझ्याकडून बोल्टांचे पैसे घेतले, पावतीसकट. वेळेचे घेतले नाहीत. त्याऐवजी त्यांनी माझे शनिवार घेतले. त्यांचे गुडघे गेले होते, गाडीखाली जाता येत नव्हतं. दोस्तमंडळींच्या जुन्या गाड्या गॅरेजमध्ये यायच्या. मी खाली झोपायचो, काय दिसतंय ते सांगायचो आणि ते स्टुलावर बसून प्रश्न विचारायचे. “गंजलंय,” म्हटलं की चालायचं नाही. “कुठे? नटावर की आट्यांत? ताजा की जुना?” मोडक्या जर्मनमध्ये नेमकं बोलायला मी त्या गाड्यांखाली शिकलो. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायची वेळ येते, तेव्हा प्रश्न किती काटेकोर असावे लागतात, हे मला कुठल्याही कॉलेजात कळलं नव्हतं.

माझी नोकरी गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सची. स्टेअरिंग किती फिरलं हे मोजणारा सेन्सर आणि घसरणारी गाडी सावरणारी ईएसपी यंत्रणा हा आमचा रोजचा विषय. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ती सक्तीची झाली. या यंत्रणेला सरळ म्हणजे काय हे माहीत असावं लागतं. गाडी सरळ जात असताना स्टेअरिंग थोडं कललेलं दिसत राहिलं, तर सॉफ्टवेअर हळूहळू त्या कलालाच शून्य मानायला शिकतं. काही प्रमाणात ते गरजेचंही आहे. पण हे शिकणं कुठे थांबवायचं आणि चालकाला कधी सांगायचं, हा वाद बैठकीत निघाला की मला डुल्टच्या मैदानावरच्या त्या चार खुणा आठवतात. वर्कशॉपमधला माणूस अर्ध्या तासात जे करणार होता, तेच काम हे सॉफ्टवेअर न बोलता करू शकतं.

केप्लरना आपलं येणं मागायला घोड्यावर बसून रेगेन्सबर्गला यावं लागलं होतं. ओपांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, त्यामुळे हप्ते मीच ठरवून घेतले आहेत. कुणी नवा इंजिनिअर “शून्य करून टाकू” म्हणाला की मी विचारतो, “कधीपासून?” मग मागच्या एक्सलचे आकडे आणायला लावतो. बरेच जण वैतागतात. मुद्दल काही माझ्याच्याने फिटायचं नाही. व्याज मात्र त्यांच्याकडून वसूल करून मी वेळेवर भरतोय.