पश्चिमेचा डोंगर

आमच्या मुलुंडास सूर्य समुद्रांत मावळत नाहीं. तो डोंगरांत मावळतो. गिरगांव-दादरकडील आमचे आप्त हें ऐकून कींव केल्यासारखे हंसतात. पश्चिमेस समुद्र असणें हा खऱ्या मुंबईकरास आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो. परंतु त्यांचा समुद्र आणि आमची गॅलरी यांच्या मध्यें साष्टी बेटाचा सगळा कणा दक्षिणोत्तर पसरलेला आहे. आषाढांत काळसर हिरवा, मार्गशीर्षांत धुरकट निळा आणि शिमग्याच्या सुमारास पळस-पांगाऱ्यांनीं ठिकठिकाणीं पेट घेतल्यासारखा दिसणारा हा डोंगर आमच्या गॅलरीच्या अगदीं समोर होता. 'होता' असें कां म्हणतों, तें पुढें येईलच.

दिवेलागणीस देवापुढें निरांजन लावून झालें, कीं माझी आई गॅलरींत जाई आणि हात जोडी. लहानपणीं मी समजत असें, कीं ती मावळत्या सूर्यास नमस्कार करते. एकदां आषाढांत चार दिवस सूर्याचा पत्ता नसतां तिचे हात तसेच जोडलेले पाहून मीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "सूर्याला कुठं? डोंगराला करते. कान्हेरीचा डोंगर आहे तो." लग्न होऊन ती मुलुंडास आली, तेव्हां पहिल्याच महाशिवरात्रीस आजीनें तिला कान्हेरीस नेलें होतें.

ती यात्रा पायांनीं झालेली. मुलुंडास मोळ्या विकावयास येणारी एक वारली बाई पुढें, तिच्यामागें आळींतल्या सात-आठ बायका, आणि सर्वांत शेवटीं, नवी सून म्हणून मान खालीं घालून, आई. रानांत शिरतांना त्या बाईनें वाघोबाच्या शेंदूर फासलेल्या दगडापुढें सगळ्यांना थांबविलें. "याला विचारा, मग तुमच्या देवाकडं चला," असें ती म्हणाली म्हणे. या रानांत वारल्यांचे पाडे अद्याप आहेत, वाघोबा आहे आणि बिबट्याही आहे. हा शेवटचा तर अधूनमधून आमच्या वस्तीच्या कडेला येऊन जातो. त्यामुळें विचारून रानांत शिरण्याची ती रीत मला आतां पूर्वींइतकी हास्यास्पद वाटत नाहीं. ही हकीकत आई दर शिवरात्रीस सांगे, आणि दर वर्षीं वाट थोडी लांब होई. हकीकतीच्या अखेरीस "एकदा पुन्हा जायला हवं" हें वाक्य ठरलेलें असे.

मी मिळवता झालों, तेव्हां आईस तीर्थयात्रा घडविण्याचा माझा उत्साह मोठा होता. त्र्यंबकास नेऊन ब्रह्मगिरि दाखविला, सप्तशृंगीस नेलें, गिरनारच्या दहा हजारांच्या घरांतल्या पायऱ्या ती डोलींत अंग चोरून बसून, वाहणाऱ्यांची सारखी क्षमा मागत, 'चढली'. कान्हेरी मात्र राहिली. ती काय, जवळच आहे, केव्हांही जाऊं! आमच्या घरापासून कान्हेरी सरळ रेषेंत पांच-सहा किलोमीटरांहून अधिक नसेल. पण मधलें रान आतां वाटेल तेव्हां ओलांडतां येत नाहीं. आगगाडीनें जाणारानें मुलुंडहून दादरास जावें, तेथें गाडी बदलून बोरिवलीस यावें आणि उद्यानाच्या दरवाज्यांतून आणखी सहा-सात किलोमीटर पूर्वेस, म्हणजे पुन्हां आपल्याच घराच्या दिशेनें, जावें. हाताच्या एका बोटावरून शेजारच्या बोटावर जाण्यासाठीं कोपरापर्यंत उतरून पुन्हां वर चढावें, तसा हा प्रवास. मी गिरनारास दोनदां गेलों, कान्हेरीस एकदांही नाहीं, यांत बहुधा या प्रवासाचा दोष थोडा आणि माझा अधिक असावा.

दरम्यान आईचे गुडघे गेले. आणि तीन वर्षांपूर्वीं आमच्या गॅलरीसमोर चाळीस मजली एक इमारत उभी राहूं लागली. पहिल्या पावसाळ्यांत तिनें डोंगराचा पायथा झांकला, दुसऱ्यांत कंबर, आणि तिसऱ्यांत माथा. या बाबतींत कोणाशीं भांडावें असें कांहींच नव्हतें; आमचें घरही कोणाच्या तरी डोंगरापुढेंच उभें राहिलें असेल. आई दिवेलागणीस हात जोडावयास जाई ती जातच राहिली. गेल्या शिवरात्रीच्या आदल्या रात्रीं ती एवढेंच म्हणाली, "माझं आता होत नाही. तू तरी जाऊन ये." मीं दुसऱ्या दिवशीं पहांटेची गाडी धरली.

ज्यास आपण कान्हेरी म्हणतों, त्याचें जुनें नांव कृष्णगिरि. तेथील प्राकृत शिलालेखांत तें 'कण्हगिरि' असें येतें, आणि उद्यानाच्या एका भागास आजही कृष्णगिरि उपवन म्हणतात. काळ्या दगडाचा डोंगर म्हणून कृष्णगिरि. यांत गोकुळांतल्या कृष्णाचा संबंध नाहीं. या एका डोंगरांत शंभरांहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या आसपास टांकीचा पहिला घाव पडला असावा, आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत येथें वस्ती होती. मुलुंडच्या काटकोनी रस्त्यांची आंखणी १९२२ सालीं झाली, म्हणून आम्ही स्वतःस जुने म्हणवून घेतों! येथें एक हजार वर्षें लोक राहिले, आणि त्यांना जाऊन आणखी एक हजार वर्षें होत आलीं.

राहिले, हा शब्द मीं जाणून वापरला. आपली यात्रेची कल्पना म्हणजे घरून निघावें, डोंगर चढावा, दर्शन घ्यावें आणि उतरून घरीं यावें. बौद्ध भिक्षूंचें याच्या उलट. त्यांचें चालणें आठ महिन्यांचें, आणि डोंगर हा पावसाळ्यांत थांबण्याचा. म्हणून येथें पाहावयाचें तें मूर्तींपेक्षां घरांत. प्रत्येक लेण्यास एक ओटी, आंत एक-दोन खोल्या, खोलींत निजावयास दगडी ओटा, आणि दाराशीं पाण्याचें टांकें. वरच्या कातळावर पडलेला पाऊस बोटभर रुंदीच्या पन्हळींतून फिरवून या टांक्यांत आणलेला आहे. शिलालेखांत टांक्यास 'पोढी' म्हणतात. हें पाण्याचें काम पाहिल्यावर मला मूर्ती पाहण्याची घाई राहिली नाहीं.

मुख्य चैत्यगृहांत मात्र थांबावेंच लागतें. चौतीस खांब आणि त्यांच्या शेवटीं स्तूप. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या राज्यांत, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धांत, गजसेन व गजमित्र या दोघां व्यापारी भावांनीं तें कोरविलें. देणाऱ्यांच्या यादींत राजे थोडे, आणि कल्याण, सोपारा, नाशिक, चौल येथील व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी आणि गृहिणी फार. त्यांनीं दिलें तरी काय? कोणी एक खोली, कोणी एक पोढी, कोणी एक बसावयाचा दगडी बांक, कोणी वाटेचा एक तुकडा. माझें मन या वाटेच्या तुकड्यावर फार वेळ रेंगाळलें. ब्रह्मगिरीस गोदावरी आहे, सप्तशृंगास देवी आहे. या डोंगरावर कोणी देव जन्मला नाहीं कीं उतरला नाहीं. मागून येणाऱ्यास बसावयास जागा आणि प्यावयास पाणी असावें, एवढ्या चिंतेनें हा डोंगर तीर्थ झाला.

आणि येणारे कोठकोठून आले! नवव्या शतकांत, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमलांत, गौड देशाचा, म्हणजे बंगालचा, अविघ्नाकर नांवाचा एक उपासक येथें आला आणि शंभर द्रम्मांची कायम ठेव ठेवून गेला. १८३९ सालीं डॉक्टर बर्ड यांस चैत्यासमोर एक ताम्रपट सांपडला. त्यावर त्रैकूटक राजांचें २४५ वें वर्ष, म्हणजे इ. स. ४९४ च्या सुमाराचा काळ, असून कृष्णगिरीच्या महाविहारांत सिंधु देशाच्या बुद्धरुचीनें चैत्य बांधविल्याची नोंद आहे. हें वाचल्यावर मला हटकून मुलुंड कॉलनी आठवते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेलीं कुटुंबें तेथें, याच डोंगराच्या पूर्व पायथ्याशीं, वसलीं. बुद्धरुचि आपण होऊन आला, हे हांकलले जाऊन आले. पण साडेचौदाशें वर्षांच्या अंतरानें दोघांनीं पाठ टेकली ती एकाच डोंगरास.

नव्वदाव्या लेण्यांत पहलवी लिपींतले लेख आहेत. इ. स. १००९ च्या ऑक्टोबरांत व नोव्हेंबरांत आणि पुन्हां १०२१ सालीं पारशी मंडळी येथें आली, आणि त्यांनीं तारखेसह आपलीं नांवें भिंतीवर कोरून ठेवलीं. आज कोणी असें केलें तर पहारेकरी हात धरील. हजार वर्षें टिकल्यास तोच अपराध पुरावा होतो. याच लेण्यांत आठ महाभयांतून भक्तांस तारणारा अवलोकितेश्वर आहे. हत्ती, सिंह, सर्प, अग्नि, चोर वगैरे भयांबरोबर त्यांत फुटणारें जहाजही आहे. सोपाऱ्याच्या बंदरांतून निघणारा व्यापारी या डोंगरावर पैसा कां खर्चीत असेल, तें त्या जहाजापुढें उभें राहिलें म्हणजे विचारावें लागत नाहीं.

शिवरात्रीस येणाऱ्यांस यांतलें थोडेंच ठाऊक असतें, आणि त्यांचें त्यावांचून अडतही नाहीं. चैत्यांत मीं पाहिलें, एका म्हातारीनें स्तूपाच्या पायाशीं बेलाचें पान ठेवलें आणि 'महादेवा' म्हणून कपाळ टेकलें. स्तूपास पिंडी समजणारी ती पहिली नव्हे. तिच्या उजव्या हातास पांढऱ्या वस्त्रांतलें एक बौद्ध कुटुंब त्रिशरण म्हणत बसलें होतें. त्यांतल्या आजोबांनीं तिला सरकून जागा करून दिली. म्हातारी उठतांना तिचा तोल गेला, तो त्यांच्या सुनेनें सांवरला. पोर्तुगीजांच्या काळीं याच चैत्यांत ख्रिस्ती प्रार्थना होत असे. हा देव कोणाचा, या प्रश्नाचा निकाल लावण्यास पंडित समर्थ आहेत. मला त्या आजोबांचें सरकणें पुरेसें वाटलें.

वर जातांना भिक्षूंचें स्मशान लागतें. लांबलचक कपारीखालीं विटांचे लहान लहान स्तूप. बहुतेकांचा आतां पायाच उरला आहे. त्यांवरील लेख शोभना गोखले यांनीं वाचून प्रसिद्ध केले, आणि त्या ढिगाऱ्यांस थेरांचीं नांवें परत मिळालीं. एवढ्या गर्दींतही तेथें कोणी आलें नव्हतें. मी एका पायरीवर बसलों आणि आईच्या गुडघ्यांचा विचार करीत राहिलों. ज्या वर्षीं पहिला पगार हातीं आला, त्या वर्षीं तिला येथें आणलें असतें, तर ती ही पायरी माझ्या आधीं चढली असती.

माथ्यावरून दक्षिणेस पाणी चमकतांना दिसतें. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. मुंबईची तहान वाढली तेव्हां इंग्रजी अमदानींतल्या इंजिनिअरांनींही याच डोंगराच्या ओंजळींत पाणी धरलें, आणि तें अद्याप शहरास पुरविलें जातें. पोढीची विद्याच मोठ्या मापानें चालविली म्हणावयाची. आतां तिसरें काम निघालें आहे. गोरेगांव आणि मुलुंड जोडणाऱ्या रस्त्यासाठीं या डोंगराखालून सुमारें पावणेपांच किलोमीटरांचे दोन जुळे बोगदे जावयाचे असून, जुलै २०२४ मध्यें त्यांचें भूमिपूजन झालें. तो रस्ता झाला म्हणजे मला दादरचा वळसा पडणार नाहीं. त्याबद्दल मी कृतघ्न नाहीं. तरी डोंगर जवळ आणण्यासाठीं त्याच्या खालून निघून जावें, हें गणित मला पुरतें उमगलेलें नाहीं. आईस मीं हें वर्तमान सांगितलें होतें, तेव्हां ती थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "पोटातनं जायचं? मग नमस्कार कुठं बघून करायचा?"

पूर्वेकडे पाहिलें. एकामागें एक दोन रांगा रानाच्या, त्यांपलीकडे धुरळा, आणि धुरळ्यांतून वर आलेलीं इमारतींचीं टोंकें. मीं मुलुंड शोधूं लागलों. रस्ते, शाळा, स्टेशन, आमचें घर, कांहींच दिसेना; दिसली ती वरती पिवळी पट्टी असलेली एक उंच इमारत. आमच्या गॅलरींतून डोंगर दिसूं न देणारी ती हीच. मीं तिच्याकडे पाहून हात जोडले, आणि आजूबाजूस कोणी पाहिलें नाहीं ना, याची खात्री करून घेतली.

घरीं परतावयास दिवेलागण झाली. आईचा उपास होता. मीं चैत्य, पोढ्या, म्हातारीचें बेलपान, सारें सांगितलें. तिनें ऐकून घेतलें आणि विचारलें, "तिथनं आपलं घर दिसतं का रे?"

"घर नाही दिसत. समोरचा टॉवर दिसतो."

"दिसतो ना? मग त्याच्या मागं आपणच की."

ती भिंतीस धरून उठली, निरांजन लावलें आणि गॅलरींत गेली. मी मागें उभा होतों. समोरच्या इमारतींत मजल्यामजल्यांवर दिवे लागूं लागले होते. सहाव्या कीं सातव्या मजल्यावर कठड्याशीं एक बाई वाळलेले कपडे काढीत होती. आईनें हात जोडले. बाईनें इकडे पाहिलें, मागें वळून आपल्या मागें कोणी आहे का तें पाहिलें, आणि मग कपडे खांद्यावर टाकून तिनेंही हात जोडले.