चुकीचं पीक

यवतमाळहून बाबांनी घरच्या रुईची पिशवी पाठवली होती, सरकी हातानं काढलेली. प्रबंधासाठी मला कापसातल्या सेल्युलोजची रचना तपासायची होती. विकतच्या नमुन्यावरही काम भागलं असतं. घरचाच कापूस हवा, हा माझा हट्ट.

आधी रुईवरचं मेण आणि पेक्टिन काढायचं. त्याला सौम्य कॉस्टिक सोडा पुरतो. फळीवर दोन बाटल्या होत्या, दोन टक्क्यांची आणि साडेसतरा टक्क्यांची. दुसरी अल्फा-सेल्युलोज मोजायला केलेली. दोन्हींवरचे आकडे पुसट झालेले, आणि अक्षर माझंच, म्हणजे बोट दाखवायलाही कुणी नाही. रुई रात्रभर दुसऱ्या बाटलीतल्या सोड्यात भिजली. सकाळी तंतू फुगून आखडले होते. तरी शंका आली नाही. धुतले, वाळवले, एक्स-रे यंत्रात ठेवले.

कापसाचे पीक (आलेखातल्या शिखरांना आम्ही हेच म्हणतो) मला पाठ होते: १४.९, १६.५ आणि सगळ्यात उंच २२.७ अंशांवर. ते गायब. १२ च्या आसपास एक आणि २०, २२ वर एक जोडी. यंत्रच बिघडलं असणार! सिलिकॉनचा प्रमाण नमुना लावून पाहिला. त्याचा पीक २८.४ वर, जागच्या जागी.

मॅडमनी आलेख पाहिला. "मर्सरायझेशन केलंस तू. हे सेल्युलोज दोन. आता परत सेल्युलोज एक करून दाखव."

ते होत नाही. ती वाट एकेरी. मग त्यांनी खरा प्रश्न टाकला. "तंतू विरघळला नाही, तंतूच राहिला. मग साखळ्या उलटल्या कशा?"

तेच ग्लुकोज, तेच बीटा-१,४ बंध. पण झाडावरच्या कापसात सगळ्या शेजारी साखळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात, सेल्युलोज दोनमध्ये एकीआड एक उलटी. हजारो ग्लुकोजची साखळी एवढ्या दाटीत कूस कशी बदलणार? मर्सरनं १८५० मध्ये याच प्रक्रियेचं पेटंट घेतलं तेव्हा त्याला साखळ्या ठाऊकच नव्हत्या, कापडावर रंग छान चढतो एवढं कळलं होतं. त्याची मजा होती.

आठवडाभर वाचत राहिले. उमगलं ते घरामागचे पऱ्हाट्यांचे भारे आठवल्यावर. एका भाऱ्याचे बुंधे इकडे, शेजारच्याचे तिकडे. तंतूतल्या सूक्ष्म जुड्याही तशाच, काही सुलट, काही उलट. सोडा आत शिरला की जुड्या फुगतात आणि एकीतल्या साखळ्या दुसरीत मिसळतात. उलटत कुणीच नाही, शेजार तेवढा बदलतो. बहुतेकांना पटलेलं स्पष्टीकरण हेच आहे.

बाटल्यांवर नवे आकडे लिहून वर सेलोटेप लावला. तो जुन्या पद्धतीचा, सेलोफेनचा असेल, तर तोही सेल्युलोज दोनच.

रात्री घरी फोन केला. "बाबा, रुई पाठवा अजून. पीक चुकीचं आलं."

"पेरलं काय होतं मंग?"

मी हसत सुटले. त्यांना काही कळेना.

"आता घरी उशिराच्या बहराची फरदडच हाय. चालते का?"

"चालते," म्हटलं.