तूप तोलून, दूध जपून

स्वमग्न मुलाला फिट्सही येत असतील, तर आईवडील माझ्याकडे बहुधा एक यादी घेऊनच येतात: गहू बंद, दूध बंद, साखर बंद, तूप वाढवा. ती नातेवाइकांच्या सल्ल्यांतून आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंतून जमलेली असते. बालआहारतज्ज्ञ म्हणून माझं पहिलं काम त्या यादीची फोड करण्याचं. यातलं फिट्ससाठी काय आणि स्वमग्नतेसाठी काय? या दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत.

फिट्समध्ये आहार हे खरोखरच औषध ठरू शकतं. उपाशी राहिल्यावर आकडी थांबते, हे जुन्या वैद्यांनाही ठाऊक होतं. १९२१मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं, की रुग्णाला उपाशी न ठेवता भरपूर स्निग्ध आणि अत्यल्प पिष्टमय अन्न दिलं तरी तोच परिणाम साधेल. ग्लुकोज तुटपुंजं पडलं की यकृत चरबीपासून केटोन बनवतं आणि मेंदू त्यांवर चालू लागतो. १९३८मध्ये फेनिटॉइन हे फिट्सवरचं औषध आलं आणि गोळीच्या सोयीपुढे हा कीटोजेनिक, म्हणजे केटोन बनवणारा, आहार मागे पडला. औषधांना दाद न देणाऱ्या फिट्ससाठी तो पुन्हा वापरात आला. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या संशोधकांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीन महिन्यांनंतर आहार घेणाऱ्या ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. आहार न दिलेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होतं.

पण ‘तूप वाढवा’ म्हणजे हा आहार नव्हे. चारास एक या प्रमाणात चार ग्रॅम चरबीमागे प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ मिळून एकच ग्रॅम असतो. हजार कॅलरी लागणाऱ्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम चरबी आणि बाकी सगळं मिळून २५ ग्रॅम. त्यातून वाढीसाठी प्रथिनं बाजूला काढली, की पिष्टमय पदार्थांना उरतात जेमतेम दहा ग्रॅम. दोन-तीन मोठे चमचे भातात ते संपतात! म्हणून स्वयंपाकघरात वजनकाटा हवा. सर्दी-खोकल्याच्या सिरपमधली साखर, आजीने प्रेमाने भरवलेला बेसनलाडू, तापात लावलेलं ग्लुकोजचं सलाइन, सगळं मोजणीत येतं. मोजणी चुकली, तर केटोन झपाट्याने उतरतात आणि फिट परत येऊ शकते. काही जन्मजात चयापचय विकारांत तर हा आहार घातकच, म्हणून तपासण्या आधी. पुढेही बद्धकोष्ठता, मूतखडा, कोलेस्टेरॉल आणि उंचीवर लक्ष ठेवावं लागतं. मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय तो सुरू करू नये, आणि फिट्सची औषधं परस्पर बंद करू नयेत.

स्वमग्नतेत मात्र पदार्थ काढून टाकण्याने मूळ अवस्था बदलते, असा भरवशाचा पुरावा नाही. गहू-दूध वर्ज्य करण्याच्या चाचण्या लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. आपल्याकडे गव्हाची जागा ज्वारी, नाचणी, तांदूळ सहज घेतात. दुधाचं तसं नाही. शाकाहारी घरातल्या मुलाचं कॅल्शियम आणि बरीचशी प्रथिनं दूध-दह्यातूनच येतात. त्यात फेनिटॉइन किंवा फिनोबार्बिटोन चालू असेल, तर ही औषधं ‘ड’ जीवनसत्त्व लवकर संपवतात. वर दूधही बंद केलं, तर हाडांवर दुहेरी मार बसतो. सिद्ध झालेली ॲलर्जी असेल तर गोष्ट वेगळी.

या मुलांची खरी अडचण बहुधा आधीच आक्रसलेल्या ताटाची असते. पांढरा भात चालतो, वरण लागलेला चालत नाही. बिस्किट एकाच पाकिटातलं हवं. अशा ताटातून लोह आणि ‘क’ जीवनसत्त्व निसटतं. इतकं, की अशा मुलांमध्ये स्कर्व्ही झाल्याच्याही नोंदी आहेत. हिरड्यांतून रक्त येतं, मूल चालायचं नाकारतं. न बोलणाऱ्या मुलाची बद्धकोष्ठतेची कळ घरच्यांना हट्ट वाटते. इथे माझं काम वाढवण्याचं. आवडीच्या भाताशेजारी नव्या पदार्थाचा एक घास ठेवायचा, खाण्याची सक्ती न करता, तोच पदार्थ पुन्हा पुन्हा. आधी वास, मग स्पर्श, मग जीभ.

आणि औषधांना न जुमानणाऱ्या फिट्ससाठी अशा मुलाला कीटोजेनिक आहार द्यायचा ठरला, तर मी आधी त्याच्या आवडीचे पदार्थ लिहून घेते. त्यांतलं लोणी, खोबरं, पनीर, अंडं काय बसतं ते पाहून आराखडा आखते. किमान तीन महिने तो पाळता येत नसेल, तर त्याचा उपयोग झाला की नाही हे कळणारच नाही. म्हणून कुणी ‘हे बंद करा’ म्हटलं, की तीन प्रश्न विचारा: कोणत्या आजारासाठी, किती दिवस, आणि त्याच्या जागी काय? उत्तरं मिळेपर्यंत ताटातलं काही काढू नका.