लाकूड वर चढवायचं नाही, खाली आणायचंय

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. तीन महिने ट्रॅक्टर बघत फिरतोय. छोटा ट्रॅक्टर, तोही मुख्यतः रानातलं लाकूड घरापर्यंत आणायला. भात तेवढं नाही आणि चिखलणीला भावकीतला टिलर आहेच. त्यामुळे प्रत्येक शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "सर, एकर किती?" आणि माझं उत्तर ऐकल्यावर समोरच्याचा चेहराही ठरलेला.

नव्या लोकांसाठी थोडं मागचं सांगतो. दापोली तालुक्यात आमच्या घराच्या वर, सड्याच्या खालच्या अंगाला, वरकस जमिनीचा तुकडा आहे. बाबांनी तिथे सामाजिक वनीकरणाची रोपं आणून ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. मधे मधे आपोआप आलेले ऐन, किंजळ, खैर आहेत. ते शेड्यूलमधले, १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात येतात, परवानगीशिवाय त्यांना हात लावत नाही. बाभळीचं मात्र दरवर्षी थोडं थोडं तोडून तिथे काजू लावतोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात जी बाभळ आडवी झाली, त्यातली निम्म्याहून जास्त आम्हाला खाली आणताच आली नाही. वाळवीने खाल्ली. पाऊस संपून बघायला गेलो तर ओंडक्यावर पाय ठेवला की आत जात होता. खाली गाव लाकूड शोधतंय आणि वर माझं लाकूड कुजतंय, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

घर ते रान वाट साधारण तीनशे मीटर. आधी चांगली पाणंद, मग शेवटी एक चढ. गवंडी वापरतात तसली लेव्हलची नळी घेऊन मी तो मोजला. दहा फुटाला दोन फूट. वळणावर त्याहून जरा जास्तच. एका बाजूला चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या बाजूला पऱ्या. आणि खाली बाभळीचा पाला. ज्यांच्याकडे ही बाभूळ आहे त्यांना माहीत आहे, एप्रिल-मे महिन्यात तो वाळका पाला पायाखाली साबणासारखा सरकतो.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी भाड्याने ट्रॅक्टर आणला होता. चाळीसच्या आसपास एचपी, टू व्हील ड्राइव्ह, मागे नेहमीची ट्रॉली. ट्रॉलीला ब्रेक नव्हता. आपल्याकडे किती ट्रॉल्यांना चालू ब्रेक असतो ते सांगायला नको. चालवायला वाडीतलाच पोरगा, चोवीस वर्षांचा, हात चांगला. तीन खेपा नीट झाल्या. चौथीला आभाळ भरून आलं, आगोटीची घाई, आणि मी म्हटलं, "भर रे अजून, परत वर कोण येतंय." ट्रॉलीच्या कडेच्या वर दोन फूट लाकूड गेलं. उतारावर त्याने गिअर बदलायला क्लच दाबला. क्लच दाबला की इंजिनची धर सुटते, हे त्यालाही माहीत होतं, मलाही. ट्रॅक्टर पळाला. मागची चाकं ब्रेकने अडली, पण पाल्यावर घसरत राहिली, ट्रॉलीने मागून ढकललं आणि ट्रॅक्टर आडवा होऊन गडग्यात घुसला. ट्रॉली उलटली. पोराने वरच्या बाजूला उडी मारली म्हणून वाचला. नडगीचं हाड मोडलं, रॉड घातलाय. चालतो आता, पावसाळ्यात लंगडतो. दवाखान्याचा खर्च मी केला. त्याचे वडील मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर यंदा ट्रॅक्टर घ्यायचा तो आपला, आणि हे डोक्यात ठेवून.

त्या दिवसाचा हिशोब मी नंतर वहीत केला. ट्रॉली आणि लाकूड मिळून दोन टन धरले, तर पाचास एक उतारावर ती ट्रॉली ट्रॅक्टरला जवळजवळ ४०० किलोच्या जोराने मागून ढकलत असते. वर ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन. हे सगळं धरायला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना. उतरताना वजन पुढच्या चाकांवर जातं, म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहे तीच हलकी होतात. एचपी चाळीस असो की साठ, इथे त्याचा काही उपयोग नाही. घसरणारं चाक इंजिनला विचारत नाही.

आणि शोरूममध्ये मात्र सगळे ओढण्याचं सांगतात. एकाने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, छोटा ट्रॅक्टर चिखलातून भरलेली ट्रॉली काढतोय. "सर, काहीही ओढेल."

म्हटलं, "भाऊ, मला ओढायचं नाहीये. वर रिकामा जाणार, खाली भरलेला येणार. धरेल का ते सांगा."

तो गप्प. मग म्हणाला, "साहेबांना विचारून सांगतो." अजून विचारतोच आहे.

पॉवर टिलर आणि त्याची ट्रॉली हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता, आणि बऱ्याच जणांनी तोच सुचवला. तो का नाही, ते नीट सांगतो, कारण हे टिलर चालवणाऱ्यांनाही कधी कधी माहीत नसतं. सपाटीवर उजव्या हाताचा क्लच दाबला की उजवं चाक सुटतं, डावं ओढत राहतं आणि टिलर उजवीकडे वळतो. उतारावर उलटं होतं. तिथे इंजिन चाकांना मागे धरून ठेवत असतं. उजवं चाक सोडलं की ते मोकळं पळतं आणि टिलर डावीकडे जातो. भरलेली ट्रॉली मागे, डावीकडे पऱ्या, आणि घाबरलेला माणूस आणखी जोरात तोच क्लच दाबणार. शेजारचे आबा वीस वर्षं टिलर चालवतायत, ते म्हणाले, "उतारावर मी दांडीने वळवतो, क्लचला हात लावत नाही." आबांना जमतं. मला त्या वळणावर नको.

जुना मोठा ट्रॅक्टरही बघितला. पैशात बसत होता, वजन भरपूर. पण वळणावर बसत नाही, आणि टू व्हील ड्राइव्हच.

राहिले चोवीस एचपीच्या घरातले फोर व्हील ड्राइव्ह. कुबोटाचा निओस्टार बी२४४१, महिंद्राचा जिवो २४५. एक तीन सिलिंडर, एक दोन सिलिंडर. मागची लिफ्ट दोघांची ७५० किलोची. नवीन घ्यायचा तर काही लाखांत जातो. महाडीबीटीवर अर्ज टाकलाय, मंजूर झाला तर झाला. शेवटी कुठला घेतला ते इथे मुद्दाम लिहीत नाही. जाहिरात वाटते, आणि तुमचा उतार वेगळा असेल.

फोर व्हीलचा खरा फायदा मला चढताना नाही, उतरताना कळला. लिव्हर टाकलेला असला की पुढची चाकंही इंजिनला बांधली जातात. पुढच्या चाकांना वेगळा ब्रेक नसला तरी इंजिनची धर आणि मागचा ब्रेक गिअरमधून त्यांच्यापर्यंत पोचतो. म्हणजे उतरताना ज्या चाकांवर वजन आहे, ती पण कामाला लागतात. बरेच जण चढ संपला की लिव्हर काढतात, टायर झिजतात म्हणून. डांबरावर काढा. उतारावर काढू नका.

एक डीलर भला निघाला, डेमोला ट्रॅक्टर थेट आमच्या वाटेवर घेऊन आला. त्यांचा ड्रायव्हर वळण बघून म्हणाला, "हितनं?" सगळ्यात खालचा गिअर, फोर व्हील टाकलेला, मागच्या लिफ्टवर अडीचशे किलो लाकूड दोराने करकचून बांधलेलं. मीच बसलो. दोन्ही पाय पेडलवरून उचलले. ट्रॅक्टर माणसाच्या चालीने उतरला, कुठे अडखळला नाही. मग तेच रिकाम्याने, फोर व्हील काढून, वरच्या गिअरमध्ये. अर्ध्यात ब्रेक दाबला तर मागची चाकं पाल्यावर हातभर घसरली. रिकाम्या ट्रॅक्टरची ही गत.

त्या डेमोतून एक गोष्ट उलटीच झाली. मी ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर शोधत होतो, आणि लक्षात आलं की त्या उतारावर ट्रॉलीच नको. हा ट्रॅक्टर वजनाला हलका; त्यामागे दोन टनांची ट्रॉली म्हणजे शेपटी कुत्र्याला हलवणार. लिफ्टवरचं ओझं मात्र मागच्या चाकांवर बसतं, म्हणजे ब्रेकच्याच चाकांवर. म्हणून चढ संपेपर्यंत लिफ्टवरचं कॅरिअर, खाली पाणंदीला लागलं की ट्रॉलीत भरायचं. लिफ्ट ७५० ची आहे म्हणून ७५० भरायचे नाहीत, पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग ऐकत नाही. अडीचशे, फार तर तीनशे. वर्षाचं आठ टन लाकूड, म्हणजे तीसेक खेपा, चार दिवस. भाड्याच्या ट्रॉलीने तेच एका दिवसात व्हायचं. बाबा म्हणाले, "आम्ही डोक्यावरनं आणलंय सगळं, चार दिवस म्हणजे काय." तोडलेलं मात्र जानेवारीत तोडून तिथेच वाळू द्यायचं, ओल्या लाकडात पाण्याचंच वजन बरंच असतं, ते कशाला वाहायचं.

ओंडका साखळीने फरफटत आणायचा असेल तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच. वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा उंचावर कुठेही बांधली आणि ओंडका खुंटाला अडकला, तर चाकं फिरायची थांबतात आणि ट्रॅक्टरच पुढून उचलून मागे उलटतो. दीड-दोन सेकंदांचं काम, क्लचपर्यंत पाय पोचत नाही. छत म्हणजे रोल बार नव्हे, हेही सांगून ठेवतो. मी कंपनीचा रोल बार बेल्टसकट मागवलाय, अजून आलेला नाही. येईपर्यंत वर नेणार नाही असं घरात कबूल केलंय. आणि दोन ब्रेक पेडल एकत्र अडकवणारी कडी, ती चिखलणीला काढतात आणि तशीच राहते. वर जाण्याआधी ती बघायची.

कॅरिअर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलं. ते घरी आलं त्या संध्याकाळी तो पोरगा बघायला आला. मी बोलावलं नव्हतं. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, टायर बघितले, लिव्हर टाकून-काढून बघितला. मी फोर व्हीलचं, इंजिनच्या धरीचं सगळं सांगत होतो. त्याने ऐकून घेतलं.

मग विचारलं, "काका, भरणार कोण?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. म्हटलं, मीच.

तो पडवीत गेला, काजूच्या झाडांना नंबर टाकायला आणलेला लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. कॅरिअरच्या चारही खांबांवर आतून एक-एक पट्टा मारला. वेल्डिंगवाल्याने सांगितलेल्या उंचीपेक्षा चांगला वीतभर खाली. मी म्हटलं, अरे एवढं खाली? तो म्हणाला, "पाऊस आला की तुम्ही वर सरकवणार, म्हणून आत्ताच खाली मारला."

रंग वाळलाय. रोल बार या आठवड्यात येईल म्हणतायत. मृगाला तीन आठवडे आहेत, तीस खेपा होतील असं वाटत नाही. उरलेलं वरच कातळावर, खाली चिरे घालून, प्लास्टिकखाली झाकून ठेवतोय.