बर्फावर पाऊस

पाचव्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपला आणि रूमवर एकच विषय उरला, मनाली! आम्ही चौघं, सीनियर्सकडून उसनी आणलेली जॅकेट्स आणि मेसमधून वाचवलेले पैसे. जानेवारीतला बर्फ बघायचाच, बस्स.

सोलंगला दोन दिवस थंड, भुसभुशीत बर्फ पडला. तिसऱ्या दिवशी वरच्या उतारावर चढायचं ठरलं होतं, पण पहाटे पत्र्यावर टपटप सुरू. चक्क पाऊस! थंडीही कमी झालेली, त्यामुळे आम्ही खूश. गाइड चाचाजी मात्र बाहेर फिरून आले आणि म्हणाले, "आज ऊपर नहीं जाना."

आमच्यातला सिव्हिलवाला भांडलाच. पैसे भरलेत, एकच दिवस उरलाय, वगैरे. चाचाजींनी बर्फाचा गोळा हातात दाबला. बोटांमधून पाणी गळलं. "पहाड पे अब ये बोझ है," एवढंच बोलले.

रूमवर तोंड पाडून बसलो. शेवटी सिव्हिलवाल्यानेच गणित मांडलं. 1 मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 किलो पाणी. 20 मिमी पडला, तर 50 बाय 40 मीटरच्या उतारावर 40 टन जादा भार! वर ते पाणी आत मुरून बर्फाच्या कणांची पकड सैल करतं. म्हणजे शिअर स्ट्रेस वाढला, शिअर स्ट्रेंग्थ घटली. त्यात 30 ते 45 अंशांचे उतार सगळ्यात धोक्याचे, आणि आमचा नेमका तसाच. हे सगळं आम्ही सॉइल मेकॅनिक्समध्ये शिकलो होतो. मार्कही मिळवले होते.

दुपारी तीनच्या सुमारास वरून गडगडाट ऐकू आला. पत्ते हातातच राहिले.

सकाळी आकाश मोकळं झालं. आमच्या वाटेवर मातकट बर्फाचा ढिगारा पडला होता. लाथ मारली तर काँक्रीटसारखा घट्ट. अशात गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, चाचाजी सांगत होते. सिव्हिलवाला काहीच बोलला नाही. निघताना मात्र वाकून त्यांच्या पाया पडला.

मित्रांनो, आमच्या रूममध्ये शिखराचा फोटो नाही. त्या ढिगाऱ्याचा आहे. ट्रेकला जरूर जा, पण कुणी जाणता माणूस "आज नको" म्हणाला, तर वाद परत आल्यावर घाला.