दुसऱ्याच्या डोळ्यांनी हॉकी

हॉकीचे आणि आमच्या ग्वाल्हेरचे नाते जुने आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेचा २४–१ असा पराभव केला, त्यांतले दहा गोल एकट्या रूपसिंगांचे. ते रूपसिंग पुढे याच गावी राहिले. तो पराक्रम आमच्या वडीलधाऱ्यांनी ऐकूनच आपलासा केला. आम्ही मात्र घरबसल्या सामने पाहतो. पण आम्ही पाहतो असे म्हणणेही अर्धेच खरे, कारण मैदानावर कुठे पाहायचे हे आमच्यासाठी दुसराच कोणी ठरवीत असतो.

तो दुसरा म्हणजे प्रक्षेपणाचा दिग्दर्शक. त्याच्यापुढे अनेक कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी मांडलेली असतात. तो क्रमांक पुकारतो, शेजारचा साहाय्यक कळ दाबतो, आणि तेवढेच एक चित्र आमच्या घरी येते. मुख्य कॅमेरे मैदानाच्या एकाच बाजूस ठेवलेले असतात, ते उगाच नव्हे. मध्येच समोरच्या बाजूचे चित्र आले तर डावीकडे धावणारा खेळाडू उजवीकडे धावू लागेल आणि पाहणाऱ्याची दिशाभूल होईल.

हॉकीत हे काम विशेष अवघड. मैदान ९१.४० मीटर लांब, चेंडू मुठीत मावेल एवढा, आणि वेग असा की डोळे निवळेतो तो दुसऱ्या टोकास पोचतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये निळे मैदान आणि पिवळा चेंडू आला, तेव्हा नजरेचे काम पुष्कळ हलके झाले. परंतु दिग्दर्शकाची उसंत त्याआधीच सरली होती. २००९ पासून फ्री हिट घेणारा चेंडू स्वतःकडेच ठेवून पुढे धावू शकतो. पूर्वी शिटी वाजल्यावर जी दोन-चार क्षणांची फुरसत मिळे, ती उरली नाही. तरीही कित्येकदा रीप्ले सुरू होतो आणि परत येऊन पाहावे तो चेंडू ‘डी’त पोचलेला! एका सामन्यात असा एक गोलच आमच्या हातून निसटला. शेजारच्या खोलीतून ‘काय झाले?’ अशी विचारणा झाली, आणि पडद्यासमोर बसूनही आम्हांस उत्तर देता आले नाही.

पेनल्टी कॉर्नरची गोष्ट निराळी. तेथे खेळ घटकाभर थांबतो. गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाच जण सज्ज होतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे जातात. अशा वेळी मारणाऱ्याचे डोळे, गोलरक्षकाचे हातमोजे दाखवावेत; कथेत प्रसंगापूर्वी पात्रांची ओळख करून द्यावी तसे ते शोभते. मात्र चेंडू आत ढकलला गेला की चित्र रुंद हवे. रेषेवरून सुसाट निघणारा पहिला बचावपटू दिसला नाही, तर अडवलेल्या गोलाचे श्रेय कोणाचे हे कळणार कसे?

४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपान्त्यपूर्व सामन्यात सतराव्या मिनिटास अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेली त्रेचाळीस मिनिटे भारत दहा जणांनिशी खेळला, १–१ अशी बरोबरी राखली आणि शूटआउटमध्ये ४–२ असा जिंकला. श्रीजेशची कामगिरी सर्वांनी वाखाणली, ते योग्यच. पण एकाची उणीव दहा जण कशी भरून काढतात, कोण मागे सरकतो, कोणती जागा जाणूनबुजून मोकळी सोडली जाते, हे जवळच्या चित्रात कधीच दिसत नाही. ते दुरूनच पाहावे लागते.

जवळच्या चित्राशी आमचे वैर नाही. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत जर्मनीवर ५–४ असा विजय मिळाल्यावर श्रीजेश गोलखांबांवर चढून बसला; त्याचा तो चेहरा पाहायला कोणास नको होते? पण तेव्हा खेळ संपला होता. एवढाच विवेक आम्ही मागतो. आपल्या घरांतील पुष्कळ मुलांनी हॉकीचे मैदान प्रत्यक्ष पाहिलेले नाही. पडदा हेच त्यांचे मैदान. त्यावर नुसते चेहरे दिसले तर ती चार नावे पाठ करतील. अकरा जणांचा खेळ दिसला, तर एखाद्यास स्टिक हाती घ्यावीशी वाटेल.