एकोणीस चौकोन

परिभाषेविषयी लिहायला बसलो की माझ्यासमोर कोश उभे राहत नाहीत. आईचा आवाज ऐकू येतो. २००५ सालचा पावसाळा होता. २६ जुलैला मुंबई पाण्याखाली गेली, त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते आणि मी एका चर्चासत्रासाठी पुण्याहून मैसूरला निघालो होतो. आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, धाकट्या भावाकडे राहत असे. ‘पोचलास की कळव’ एवढेच तिने बजावले होते. राज्याबाहेर गेले की तेव्हा ‘रोमिंग’ लागू होई. केलेल्या कॉलचे दर चढत आणि आलेल्या कॉलचेही पैसे पडत. म्हणून मी एसएमएस धाडायचे ठरवले. माझ्या नव्या हँडसेटवर देवनागरीत लिहिता येत होते आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. आई चौथीपर्यंत शिकलेली. रोमन लिपी तिला वाचता येत नव्हती. मी लिहिले, ‘आई, पोचलो. काळजी करू नकोस.’ आणि निश्चिंतपणे झोपी गेलो.

पहाटे तिचा फोन आला. ‘‘अरे, तुझा निरोप आला रात्री, पण नुसते चौकोनच आहेत बघ. शेजारचा पोरगा म्हणाला, काहीतरी बिघडलंय. माझा डोळ्याला डोळा लागला नाही.’’ मग माझा आवाज ऐकून जरा सावरली आणि म्हणाली, ‘‘एकोणीस आहेत. दोनदा मोजले मी.’’

मी भाषाविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला माणूस. तरी एकोणीस हा आकडा मला दिवसभर उलगडेना. आपणही ते वाक्य मोजून पाहा. आ, ई, पो, च, लो, का, ळ, जी, क, रू, न, को, स. विरामचिन्हे सोडली तर अक्षरे तेरा होतात. मग वरचे सहा चौकोन आले कुठून? संध्याकाळी कागदावर लिहून पाहिले तेव्हा उत्तर सापडले. वाक्यात सहा मात्राचिन्हे आहेत. भावाच्या जुन्या हँडसेटमध्ये देवनागरीचे ठसे नव्हते. त्यामुळे त्याने प्रत्येक चिन्हाच्या जागी एक चौकोन काढला होता आणि मात्रेलाही स्वतंत्र चिन्ह मानले होते. माझ्या हिशेबात ‘पो’ एक होता, यंत्राच्या हिशेबात दोन.

हँडसेटच्या माहितीपुस्तिकेत ‘१६० कॅरॅक्टर’ असे छापलेले असे. मराठीत आपण त्याचा सरळ ‘१६० अक्षरे’ असा अनुवाद करत होतो. मीही केला आहे. तो चुकीचा होता. एसएमएसच्या एका निरोपाला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट एवढी जागा ठरवून दिलेली आहे. रोमन लिपीच्या प्रत्येक चिन्हाला सात बिट लागतात, म्हणून ती चिन्हे १६० मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ती मावतात फक्त ७०. आणि ही सत्तर चिन्हे म्हणजे सत्तर अक्षरे नव्हेत. ‘विद्यार्थी’ या शब्दात अक्षरे तीन. पण त्याची व, इकार, द, हलन्त, य, काना, र, पुन्हा हलन्त, थ आणि ईकार अशी दहा चिन्हे होतात. खुद्द ‘अक्षर’ या शब्दाचीच पाच होतात. ज्याचा क्षय होत नाही ते अक्षर, अशी व्युत्पत्ती आपण शिकवतो. इथे ते पाच तुकड्यांत मोजले जाते.

१६० हा आकडा आला कसा, हेही जाणून घेण्यासारखे आहे. जीएसएम ही आद्याक्षरे मुळात १९८२ साली युरोपात नेमलेल्या एका गटाच्या फ्रेंच नावाची, ‘ग्रुप स्पेसियाल मोबिल’ची, त्यांना जागतिक प्रणालीचा इंग्रजी अर्थ पुढे चिकटवला गेला. या गटात काम करणारे फ्रिडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५च्या सुमारास जर्मनीतील बॉन येथे टंकलेखन यंत्रावर सहज सुचतील ती वाक्ये आणि प्रश्न लिहून त्यांतली चिन्हे मोजली. बहुतेक वाक्ये १६०च्या आत बसली आणि मर्यादा ठरली. सात बिटांच्या त्या तक्त्यात युरोपीय भाषांची स्वरचिन्हे आहेत, काही ग्रीक अक्षरेही आहेत. देवनागरी नाही. कोणी आकसाने वगळली असे मी म्हणणार नाही. त्या टेबलाभोवती ती लिहिणारे कोणी बसले नव्हते, एवढेच. पण त्याची किंमत आम्ही दर निरोपामागे मोजली. एकाहत्तरावे चिन्ह टंकले की एकाचे दोन निरोप होत आणि पैसेही दोनाचे कापले जात.

तेव्हापासून पारिभाषिक संज्ञा समोर आली की मी तिचा कोशातला अर्थ नंतर पाहतो. आधी विचारतो, ही संज्ञा काय मोजते? हा प्रश्न मला आधीच सुचला असता, तर माझे काही पैसे वाचले असते. २००४ साली मी फोनवर जीपीआरएस सुरू करून घेतले. त्याआधीची जोडणी ‘सर्किट’ पद्धतीची होती. आपण बोला वा गप्प बसा, दोन टोकांमधली वाट आपल्यासाठी अडवून ठेवलेली असे आणि आकारणी मिनिटांची होई. जीपीआरएसमधल्या ‘पी’चा अर्थ पॅकेट. यात माहितीचे लहान लहान तुकडे करतात, प्रत्येकावर पत्ता घालतात आणि वाट मोकळी असेल तसे ते पाठवतात; रस्ता सर्वांचा सामाईक असतो. म्हणून आकारणी मिनिटांची नव्हे, किलोबाइटांची. मी मात्र जुन्या समजुतीने चित्रे भराभर उतरवून घेई, मिनिटाच्या आत जोडणी तोडी आणि काटकसर केल्याच्या समाधानात राही. बिल आले तेव्हा कंपनीला खरमरीत पत्र लिहिले. चूक माझी होती. ‘पॅकेट’ हा शब्द मी वाचला होता, समजून घेतला नव्हता.

हा शब्द घडला कसा, ते आपल्या विषयाशी निगडित आहे. १९६०च्या दशकात ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस यांनी ही पद्धत मांडली आणि तुकड्याला नाव देताना त्यांनी एका भाषाविदाचा सल्ला घेतला. इतर भाषांत सहज उतरेल असा शब्द त्यांना हवा होता. मराठीत ‘पुडी’ अगदी चपखल बसली असती. पुडीत थोडाच ऐवज असतो, ती बांधलेली असते आणि हातोहात जाते. आपल्या कोशकारांना ती बहुधा फार घरगुती वाटली असावी.

उलट ‘भ्रमणध्वनी’ हा शब्द आपण थाटाने घडवला. भ्रमण करतो तो फोनधारक. आणि माझ्या निरोपात तर ध्वनीही नव्हता. कानाला गोड, पण यंत्र काय करते याचा पत्ता न देणारा शब्द आहे हा. त्याच काळात शाळेची पायरीही न चढलेल्या लोकांनी ‘रेंज’ हा शब्द उचलला. इंग्रजीत त्याचा अर्थ पल्ला, म्हणजे अंतर. मराठीत ‘रेंज येते’, ‘रेंज जाते’, ‘माळावर रेंज मिळते’, ‘गोठ्याजवळ अर्धीच रेंज आहे’. अंतराचा शब्द पाण्यासारखा येऊ-जाऊ लागला. हा प्रयोग अशुद्ध आहे, असे मी वर्गात एकदा ठासून सांगितले होते. आता ते विधान मागे घेतो. फोनपर्यंत पोचणाऱ्या लहरींची ताकद जागोजागी बदलते, डोंगर आड आला की घटते. बोलणाऱ्यांनी मोजायची ती गोष्ट नेमकी ओळखली होती.

आणि ‘मिस्ड कॉल’! इंग्रजीत तो चुकलेला, राहून गेलेला कॉल. आपल्याकडे तो मुद्दाम ‘देतात’. कॉल उचलला जात नाही तोवर मोजणी सुरू होत नाही, हे ज्याला कळले त्यानेच ते क्रियापद जोडले. मैसूरच्या त्या सकाळी आईनेच तोडगा काढला. ‘‘ते लिहिणं-बिहिणं राहू दे. पोचलास की एक मिस कॉल दे. निघालास की दोन.’’ पुढे चार वर्षे आमचे तेच व्याकरण होते.

ते चौकोन तिने भावाला पुसू दिले नाहीत. निरोप सिमकार्डात साठला होता. ‘सिम’मधल्या ‘आय’चा अर्थ ओळख, ती हँडसेटची नव्हे, ग्राहकाची असते, म्हणून हँडसेट बदलला तरी कार्डासोबत क्रमांकही जातो आणि त्यात साठवलेले निरोपही. त्या कार्डात मोजक्याच निरोपांची जागा होती. त्यातली एक अडली म्हणून भाऊ कुरकुरत असे. २००९च्या दिवाळीत त्याने नवा हँडसेट घेतला. त्यात देवनागरी होती. जुने कार्ड घालून त्याने निरोपांची यादी उघडली आणि काही न बोलता फोन आईच्या हातात दिला. मी समोरच बसलो होतो. तिने चष्मा लावला, बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, ‘‘एवढंच होतं होय? मला वाटलं, बरंच काही लिहिलं असशील.’’